फिट थांबवणारी चिप बनवू पाहणाऱ्यांना पुण्यातून खुले पत्र

प्रति,
पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या इलेक्ट्रॉनिक्स, संगणक आणि इन्स्ट्रुमेंटेशन विभागांचे प्रमुख, प्रकल्प-मार्गदर्शक आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात प्रकल्पांचे विषय ठरतात आणि "अपस्माराचा झटका ओळखून थांबवणारी चिप" हा विषय कुठल्या ना कुठल्या यादीत असतोच. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याचे सादरीकरण होते, पडद्यावर ९९ टक्के अचूकतेचा आकडा झळकतो आणि अधूनमधून त्याची बातमीही छापून येते. बातमी आली की मुलाचा ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) काढायला आलेले आईवडील मोबाइलवर ती उघडून विचारतात, ही चिप कुठे मिळते आणि ती बसवली की गोळ्या बंद होतात का. एखाद्याने तेवढ्या आशेवर गोळ्या आधीच कमी केलेल्या असतात. अपस्माराची गोळी अचानक सुटली की झटके एकामागोमाग एक, मध्ये शुद्धीवर न येता, येऊ शकतात. पाच मिनिटांहून लांबलेला झटका ही आणीबाणी असते आणि त्यात जीवही जातो.

आम्ही ईईजी कक्षात, न्यूरोसर्जरीच्या शस्त्रक्रियागृहात आणि वैद्यकीय उपकरणांच्या चाचणीत काम करणारी माणसे आहोत. तुम्ही हा विषय सोडून द्यावा असे आम्हाला अजिबात वाटत नाही. उलट तो घ्यावा, पण ज्या कसोट्यांवर असे उपकरण खरोखर उभे राहते किंवा पडते त्याच कसोट्यांवर तो तपासला जावा, एवढीच आमची मागणी आहे. त्या कसोट्या बहुतेक अहवालांत नसतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी आज काय अस्तित्वात आहे ते. मेंदूचे सिग्नल सतत वाचून त्यावर प्रतिसाद देणारे, कवटीत बसवायचे उपकरण म्हणजे अमेरिकेतल्या न्यूरोपेस कंपनीचे आरएनएस (रिस्पॉन्सिव्ह न्यूरोस्टिम्युलेशन). एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध व उपकरण नियामकाने, नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याला मान्यता दिली. ज्यांचे झटके मेंदूतल्या एका किंवा दोन ठिकाणांहून सुरू होतात आणि दोन किंवा अधिक औषधांनी आवरत नाहीत, अशा १८ वर्षे पूर्ण झालेल्या रुग्णांसाठी ती मान्यता आहे. उपकरण साधारण ६ सेंमी लांब, ३ सेंमीला थोडे कमी रुंद आणि ८ मिमीला किंचित कमी जाड असते. त्याच्या आकाराचा कवटीचा तुकडा काढून तिथे धातूची चौकट बसवतात आणि त्या चौकटीत उपकरण. त्याला दोन लीड, म्हणजे मेंदूपर्यंत जाणाऱ्या तारा, जोडता येतात आणि प्रत्येक लीडवर चार इलेक्ट्रोड असतात. झटका जिथून उठतो तिथे खोलवर शिरणारी किंवा मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवायची पट्टी, यांपैकी योग्य ती लीड वापरतात. चार चॅनेल, सेकंदाला २५० नमुने. ठरवलेला आकृतिबंध दिसला की विद्युत स्पंदांचा छोटा झोत सोडला जातो: एका सेकंदाला २०० स्पंदांच्या वेगाने, प्रत्येक स्पंद १६० मायक्रोसेकंदांचा, पूर्ण झोत १०० मिलिसेकंदांचा आणि प्रवाह काही मिलिअँपिअर. नेहमीच्या सेटिंगचा हा नमुना आहे, डॉक्टर प्रत्येक रुग्णासाठी तो बदलतात. घरी रुग्ण डोक्याजवळ एक दांडी धरतो, साठलेली नोंद लॅपटॉपवर उतरते आणि तिथून डॉक्टरांपर्यंत पोचते.

त्याचे निकालही नीट वाचायला हवेत. मुख्य चाचणीत १९१ रुग्ण होते. सगळ्यांना उपकरण बसवले, पण अर्ध्यांचे उत्तेजन बंद ठेवले आणि कोणाचे चालू आहे हे रुग्णांना कळू दिले नाही. त्या काळात उत्तेजन चालू असलेल्या गटात झटके ३७.९ टक्क्यांनी घटले आणि बंद असलेल्या गटात १७.३ टक्क्यांनी. दीर्घ पाठपुराव्यात नवव्या वर्षी ही घट मध्यकाने ७५ टक्क्यांवर गेली. औषधे या सगळ्या काळात चालूच होती. पहिल्या वर्षापेक्षा नवव्या वर्षी परिणाम जास्त, याचा अर्थ उपकरण "झटका दिसला, झटका तोडला" एवढेच करत नाही. डॉक्टर नोंदी पाहून सेटिंग बदलत जातात आणि मेंदूची जाळीही वर्षानुवर्षांच्या उत्तेजनाने हळूहळू बदलते, असा आज तज्ज्ञांचा अंदाज आहे. महिन्याला तीन-चार झटके येणाऱ्या माणसाच्या डोक्यात हे उपकरण दिवसाला शेकडो वेळा, कधी हजाराहून अधिक वेळा, झोत सोडते. तरी त्या सगळ्या झोतांची बेरीज दिवसाकाठी काही मिनिटेच भरते.

बाकीची दोन उपकरणे तर मुळात घड्याळावर चालतात. मानेतल्या डाव्या व्हेगस नर्व्हला उत्तेजन देणारे व्हीएनएस अमेरिकेत १९९७ पासून मान्य आहे आणि त्याचे नेहमीचे सेटिंग ३० सेकंद चालू, ५ मिनिटे बंद असे असते. नाडी वाढली की आपोआप झोत देणारी त्याची मॉडेल्स नंतर आली. मेंदूच्या गाभ्यातल्या थॅलॅमसच्या पुढच्या केंद्रकात बसवायच्या डीप ब्रेन स्टिम्युलेशनची ११० रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिथे १ मिनिट चालू, ५ मिनिटे बंद. त्यालाही एफडीएची मान्यता २०१८ मध्ये मिळाली. झटका ओळखणारा डिटेक्टर नसतानाही झटके कमी होतात, ही गोष्ट प्रकल्पाच्या प्रस्तावनेत क्वचितच सापडते.

आणि या तिन्हींच्या आधी शस्त्रक्रियेचा विचार व्हावा लागतो. टेम्पोरल लोबच्या (मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या) शस्त्रक्रियेवरची कॅनडातली चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली. वर्षअखेर, शुद्ध हरपवणाऱ्या झटक्यांपासून मुक्त रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के आणि नुसत्या औषधांच्या गटात ८ टक्के होते. दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर झालेल्या चाचणीत (२०१७) हेच आकडे ७७ आणि ७ टक्के होते. जिथे झटक्याचा उगम काढता येत नाही, दोन्ही बाजूंना आहे किंवा वाचा आणि हालचालीच्या केंद्रावर बसला आहे, तिथे चिपचा विचार सुरू होतो. "सर्व अपस्मार-रुग्णांसाठी" हे शब्द प्रस्तावातून काढून टाका.

आता अचूकतेबद्दल. बहुतेक प्रकल्प दोन मोफत डेटासेटवर चालतात. पहिला जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाचा: ए ते ई असे पाच संच, प्रत्येकात एका चॅनेलचे १०० तुकडे, प्रत्येक तुकडा २३.६ सेकंदांचा. यातला ए संच निरोगी माणसांच्या डोक्याच्या त्वचेवरून घेतलेला आहे आणि ई संच रुग्णांच्या मेंदूच्या आत ठेवलेल्या इलेक्ट्रोडवरून, झटका चालू असताना. तुमचे मॉडेल ए आणि ई वेगळे करते तेव्हा ते झटका ओळखते आहे, की त्वचेवरचा इलेक्ट्रोड आणि मेंदूतला इलेक्ट्रोड यांतला फरक ओळखते आहे, हे सांगता येत नाही. नुसत्या व्होल्टेजच्या उंचीवरूनही ते बरेचसे वेगळे होतात. या डेटासेटवर १०० टक्के आले तरी त्यातून चिपबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आमच्या मते शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात तो वापरायला परवानगीच देऊ नये.

दुसरा सीएचबी-एमआयटी: बोस्टनच्या बाल रुग्णालयातल्या २२ रुग्णांच्या २३ नोंदी, सेकंदाला २५६ नमुने, एकूण नऊशेहून अधिक तास. त्यात झटक्यांची वेळ सगळी मिळून जेमतेम तीन-साडेतीन तास. म्हणजे कायम "झटका नाही" एवढेच छापणारा एका ओळीचा प्रोग्रॅमसुद्धा ९९.५ टक्क्यांच्या वर अचूक ठरतो. हे टाळायला विद्यार्थी झटक्याचे आणि बिनझटक्याचे तुकडे समसमान घेतात आणि तिथे दुसरी गोम लपते. समजा दोन सेकंदांच्या तुकड्यावर तुमची स्पेसिफिसिटी, म्हणजे झटका नसताना "नाही" असे बरोबर सांगण्याचे प्रमाण, ९९ टक्के आहे. दिवसात असे ४३,२०० तुकडे होतात. त्याचा एक टक्का म्हणजे दिवसाला ४३२ खोटे इशारे. अहवालात "९९ टक्के" वाचून टाळ्या पडतात, आणि घरात तेच यंत्र दर तीन-चार मिनिटांनी ओरडते.

तिसरी चूक सर्वात जास्त दिसते. सगळे तुकडे एकत्र पिसून ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के तपासायला ठेवतात. एकाच झटक्याचे शेजारशेजारचे, कधी एकमेकांवर चढलेले तुकडे मग दोन्हीकडे जातात आणि मॉडेल पाठांतरावर पास होते. विभागणी रुग्णाप्रमाणे करा: ज्या मुलाची नोंद तपासणीत आहे त्याचा एकही सेकंद शिकवण्यात नको. उपकरण एकाच रुग्णासाठी जुळवून घ्यायचे असेल तर आधीच्या दिवसांवर शिकवा आणि नंतरच्या दिवसांवर तपासा, कारण खऱ्या आयुष्यात काळ त्याच दिशेने जातो. निकाल देताना किती झटक्यांपैकी किती पकडले, २४ तासांत किती खोटे इशारे आले आणि झटका सुरू झाल्यापासून किती सेकंदांनी ओळखला, हे तीन आकडे द्या आणि ते रुग्णागणिक वेगळे द्या. बावीसपैकी चार मुलांमध्ये मॉडेल साफ आंधळे असते आणि सरासरीत ते दिसतही नाही, असे होऊ शकते.

डिटेक्टर कशासाठी आहे हे ठरवल्याशिवाय किती खोटे इशारे चालतील हे ठरत नाही. कवटीतल्या उपकरणाने उगाच झोत सोडला तर रुग्णाला सहसा तो जाणवतही नाही. थोडी बॅटरी जाते इतकेच. म्हणून तिथे डिटेक्टर मुद्दाम हळवा ठेवतात आणि झटक्याच्या अगदी सुरुवातीच्या खुणांवरही झोत सोडतात. उशाशी ठेवलेल्या गजराचे गणित उलटे असते. रात्रीतून दोनदा विनाकारण वाजला तर आठवड्याच्या आत घरचे तो बंद करून कपाटात टाकतात. एकाच प्रकल्पात "चिप आणि अलर्ट" असे दोन्ही लिहिले असेल, तर मार्गदर्शकांनी त्यातले एक खोडायला लावावे.

मग विजेचा हिशेब. हा तक्ता आम्हाला आजवर विद्यार्थ्यांच्या अहवालांत फार कमी दिसला, आणि खरी चिप सर्वात आधी इथेच अडते. धरा १००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आणि आठ वर्षे आयुष्य. आठ वर्षांचे तास ७०,०८०. भागाकार केला की सरासरी प्रवाह येतो साधारण १४ मायक्रोअँपिअर. त्यात चार ॲम्प्लिफायर, एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग), डिटेक्शन, मेमरी, घड्याळ, रेडिओ आणि उत्तेजन सगळे बसवायचे. ज्या मायक्रोकंट्रोलरवर तुमचे न्यूरल नेटवर्क सतत चालते आणि तो ५ मिलिअँपिअर खातो, तो हीच बॅटरी २०० तासांत संपवेल. आठ दिवस आणि काही तास. त्यानंतर डोक्याची त्वचा पुन्हा उघडून उपकरण बदलायचे. आणि प्रत्येक शस्त्रक्रियेबरोबर संसर्गाचा धोका पुन्हा नव्याने येतो.

म्हणूनच आरएनएसमधली डिटेक्शनची साधने इतकी साधी आहेत. "लाइन लेंग्थ" म्हणजे लागोपाठच्या दोन नमुन्यांतला फरक घ्या, चिन्ह सोडा आणि ठरावीक विंडोभर त्यांची बेरीज करा. सिग्नल उंच झाला किंवा वेगवान झाला, दोन्ही वेळा ही बेरीज वाढते. ती मागच्या काही मिनिटांच्या सरासरीशी ताडून पाहायची. वजाबाकी, बेरीज, तुलना. गुणाकारसुद्धा लागत नाही. तुमचे मॉडेल लाइन लेंग्थपेक्षा किती चांगले आहे आणि त्या सुधारणेसाठी किती जास्त मायक्रोवॅट लागतात, हा एक आलेख काढला तरी प्रकल्पाला खरी किंमत येईल. नाडीवर बोट ठेवल्यासारखे त्यात सगळे कळते.

उत्तेजनाची बाजू घेणाऱ्यांनी विद्युतभाराची घनता काढल्याशिवाय सर्किटला हात लावू नये. रीत अशी. ३ मिलिअँपिअर गुणिले १६० मायक्रोसेकंद म्हणजे एका स्पंदाच्या एका टप्प्यात ०.४८ मायक्रोकूलॉम. इलेक्ट्रोड १.२७ मिमी व्यासाचा आणि २ मिमी लांबीचा असेल, तर त्याचे क्षेत्रफळ साधारण ०.०८ चौरस सेंमी. घनता झाली ६ मायक्रोकूलॉम प्रति चौरस सेंमी. या आकाराच्या प्लॅटिनम-इरिडियम इलेक्ट्रोडसाठी ३० ही मर्यादा सर्रास पाळतात, म्हणजे इथे पुरेशी जागा आहे. आता "आमची चिप छोटी आहे" म्हणून अर्धा मिमी व्यास आणि अर्धा मिमी लांबीचा इलेक्ट्रोड घ्या. क्षेत्रफळ ०.००७९ चौरस सेंमीवर येते आणि तोच स्पंद ६१ वर जातो. मर्यादेच्या दुप्पट. ऊती जळण्याची आणि धातू झिजण्याची सुरुवात इथे होते. लहान करण्याच्या हौसेला ही भिंत आडवी येते.

स्पंद दोन टप्प्यांचा असावा: जेवढा भार एका दिशेने आत घातला तेवढाच उलट दिशेने बाहेर. दोन प्रवाहस्रोत तंतोतंत सारखे कधीच नसतात. एक टक्का फरक राहिला तर दर स्पंदाला ४.८ नॅनोकूलॉम भार मागे उरतो. सेकंदाला २०० स्पंद धरले तर झोत चालू असेपर्यंत जवळपास १ मायक्रोअँपिअर सरळ प्रवाह मेंदूतून वाहत राहतो. त्यावर उपाय म्हणून दर स्पंदानंतर इलेक्ट्रोड एकमेकांना जोडून उरलेला भार रिकामा करतात, शिवाय प्रत्येक मार्गात मालिकेत एक कपॅसिटर ठेवतात. कपॅसिटरचे खरे काम पुढे कळते: आतला एखादा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तरी बॅटरी थेट मेंदूला जोडली जात नाही. परीक्षकांनी मुद्दाम विचारावे, "हा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर काय होईल?" उत्तर नसेल तर ते सर्किट मिठाच्या पाण्यातल्या चाचणीच्या पुढे जाऊ नये.

आणखी एक फसगत ठरलेली आहे. मेंदूतला सिग्नल मायक्रोव्होल्टांत, फार तर मिलिव्होल्टभर असतो. झोत सोडताना त्याच इलेक्ट्रोडवर काही व्होल्ट येतात. ॲम्प्लिफायर तुंबतो आणि झोत संपल्यावर सावरताना मोठी, तिरकी लाट काढतो. लाइन लेंग्थ ती पाहून म्हणते, झटका. यंत्र पुन्हा झोत सोडते, पुन्हा लाट, आणि यंत्र स्वतःलाच उत्तर देत बसते. म्हणून झोत चालू असताना आणि नंतर काही काळ इनपुट तोडून ठेवावे लागते आणि एका प्रसंगात जास्तीत जास्त किती झोत यावर हार्डवेअरमध्येच मर्यादा लागते. आरएनएसमध्ये ती पाच आहे. संगणकावर जुन्या नोंदी चालवून ही अडचण कधीच दिसणार नाही, कारण जुन्या नोंदीत तुमचा झोत नसतो.

ती पाहायला साधी चाचणी-मांडणी पुरते आणि ती कुठल्याही प्रयोगशाळेत होते. डिस्टिल्ड पाण्यात मीठ विरघळवा, पण सलाइनइतके नको. लिटरला ९ ग्रॅमचे द्रावण मेंदूच्या ऊतीपेक्षा चार-पाच पट सुवाहक असते आणि त्यात तुमचा प्रवाह खोट्या सहजतेने वाहतो. लिटरला १.५ ते २ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड घ्या. स्वयंपाकघरातले आयोडीनयुक्त मीठ आणि नळाचे पाणी नको, मोजमाप दर वेळी बदलते. नोंदवलेला ईईजी डीएसीमधून (आकड्यांचा पुन्हा सिग्नल करणाऱ्या भागातून) बाहेर काढा आणि १ मेगाओहम व १०० ओहमच्या विभाजकातून जाऊ द्या. १ व्होल्टचे साधारण १०० मायक्रोव्होल्ट होतात. तो सिग्नल एका इलेक्ट्रोड-जोडीने द्रावणात सोडा, दुसऱ्या जोडीने वाचा आणि त्याच दुसऱ्या जोडीवरून झोत द्या. इथे जे डिटेक्टर टिकतात ते पाहण्यासारखे असतात.

वेष्टनाबद्दल थोडक्यात, कारण ते महाविद्यालयात पूर्ण होणारे काम नाही. इपॉक्सी ओतून बंद केलेले सर्किट शरीरात टिकत नाही. पाण्याची वाफ त्यातून जाते, आत साचते आणि दोन तारांमध्ये व्होल्टेज असेल तर धातूचे बारीक केस वाढून त्या जोडल्या जातात. म्हणून टायटॅनियमची डबी, लेझर वेल्डिंग, सिरॅमिकमधून बाहेर काढलेल्या तारा आणि हेलियमने गळतीची तपासणी. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात बारीक धातूकाम आणि लेझर वेल्डिंग करणारे हात आहेत. त्यांना या कामाच्या सहनमर्यादा आणि स्वच्छता कळवणारे कोणी हवे आहे. एखाद्या मेकॅनिकल विभागाने एवढाच विषय घेतला तरी तो मोठा आहे. नमुने ६७ अंश सेल्सिअसच्या सलाइनमध्ये, तारांवर व्होल्टेज चालू ठेवून बुडवा. दर १० अंशांना वेग दुप्पट या ढोबळ नियमाने एक महिना म्हणजे शरीरातले आठ महिने. प्रत्येक बिघाड या नियमाने वागत नाही, तरी कच्चे वेष्टन पहिल्या काही आठवड्यांतच उघडे पडते. चालू उपकरणाचा बाहेरचा पृष्ठभाग ३७ अंशांच्या वर २ अंशांहून जास्त तापता कामा नये, ही आंतरराष्ट्रीय मानकातली अटही त्याच मांडणीत तपासता येईल.

कायद्याचे एकच वाक्य: वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे असे उपकरण सर्वाधिक जोखमीच्या डी वर्गात पडते आणि केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची परवानगी व नीतिसमितीची मंजुरी यांशिवाय ते कोणत्याही माणसात जाऊ शकत नाही.

आता पुण्यात या वर्षीच हाती घेता येईल आणि रुग्णांच्या थेट कामाला येईल अशा कामाबद्दल. सर्वात निकड रात्रीच्या गजराची आहे. अपस्मार असलेल्या प्रौढांमध्ये वर्षाला साधारण हजारात एकाचा मृत्यू झटक्यानंतर अचानक होतो. झोपेत, सबंध अंगाचा झटका, आणि खोलीत दुसरे कोणी नाही, ही त्याची ओळखीची परिस्थिती. मनगटावरचा ॲक्सलरोमीटर (हालचाल मोजणारा सेन्सर) असा झटका ओळखू शकतो. अमेरिकेत असे घड्याळ २०१८ मध्ये मान्य झाले. इथल्या घरांत मात्र खोटे इशारे वेगळ्या कारणांनी येतात. भाकरी थापणे, ताक घुसळणे, दात घासणे, आणि गणपतीच्या आधी नदीपात्रात चालणारा ढोल-ताशाचा सराव: हाताची लयबद्ध हालचाल सेकंदाला दोन ते पाच वेळा, नेमकी झटक्यातल्या हिसक्यांच्या पट्ट्यात. फरक लयीच्या बदलात सापडतो. सबंध अंगाच्या झटक्यात आधी काही सेकंद शरीर ताठते, मग हिसके सुरू होतात आणि शेवटाकडे दोन हिसक्यांतले अंतर वाढत वाढत जाते. ढोलाचा ठेका असा विरत जात नाही. वारंवारतेच्या एका आकड्यावर थ्रेशोल्ड लावण्याऐवजी हे लांबत जाणारे अंतर मोजा. निरोगी स्वयंसेवकांकडून या सगळ्या हालचालींची नोंद घ्यायला रुग्णालयाचीही गरज नाही; महाविद्यालयाच्या नीतिसमितीची मंजुरी आणि लेखी संमती पुरे. अशी इथल्या घरांतल्या हालचालींची नोंद कोणी जमवून खुली केली, तर पुढच्या प्रत्येक तुकडीला ती उपयोगी पडेल.

दुसरे काम झटक्यांच्या नोंदवहीचे. चिप असो, शस्त्रक्रिया असो की औषधाची मात्रा, निर्णय झटक्यांच्या मोजणीवर ठरतो, आणि ती मोजणी घरच्यांच्या आठवणीवर चालते. मराठीतले, इंटरनेट नसतानाही चालणारे, एका बोटाने वेळ नोंदवणारे आणि लगेच व्हिडिओ सुरू करणारे ॲप हवे. व्हिडिओ घेताना डोळे उघडे की मिटलेले, मान कोणत्या बाजूला वळली, कोणता हात आधी हलला, हे दिसले पाहिजे. ॲपने ते पडद्यावर मोठ्या अक्षरांत सांगावे, कारण त्या क्षणी घरच्यांना काहीच आठवत नाही. गोळी चुकली का, झोप किती झाली, ताप होता का, पाळीची तारीख काय, एवढे चार प्रश्न पुरेत. जास्त विचारले की पंधरवड्यात कोणी भरत नाही. माहिती फोनमध्येच राहावी आणि रुग्णाने ठरवले तरच डॉक्टरांकडे जावी. अनेक घरांत मुलीच्या झटक्यांची गोष्ट शेजाऱ्यांनाही कळू देत नाहीत, तेव्हा आयकॉनवर "अपस्मार" असे मोठ्याने लिहिलेले ॲप कोणी फोनवर ठेवणार नाही.

विभागप्रमुखांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. मूल्यमापनाच्या तक्त्यातून नुसती "अचूकता" काढून तिथे पकडलेले झटके, २४ तासांतले खोटे इशारे, ओळखायला लागलेले सेकंद आणि मायक्रोवॅट हे चार रकाने घाला. हार्डवेअरच्या प्रत्येक प्रकल्पात एक पान फक्त बिघाडांचे असू द्या: कोणता भाग तुटला, शॉर्ट झाला किंवा ओला झाला तर रुग्णाला काय होईल. आणि वर्तमानपत्राला टिपण देताना "हे माणसात वापरलेले नाही, चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका" ही ओळ पहिल्या परिच्छेदात छापायची अट घाला, विभागाच्या शिक्क्यासह.

आमच्या बाजूने आम्ही ईईजीच्या नोंदी कशा वाचायच्या, चघळण्याच्या आणि डोळे मिचकावण्याच्या लाटा झटक्यापासून कशा वेगळ्या ओळखायच्या, इलेक्ट्रोडचा संपर्क सुटला की पट्टीवर काय दिसते, हे शिकवायला महाविद्यालयात येऊ. मिठाच्या द्रावणाची मांडणीही उभी करून देऊ. रुग्णांच्या नोंदी मात्र संमती आणि नीतिसमितीच्या मंजुरीशिवाय, नाव काढलेल्या असल्या तरी, देणार नाही, मागूही नयेत. समितीच्या बैठकीला आणि दुरुस्त्यांना महिने लागतात. ज्यांना खऱ्या नोंदींवर काम करायचे आहे त्यांनी तिसऱ्या वर्षाच्या शेवटीच अर्ज तयार ठेवावा. विषय मंजूर झाल्यावर अर्ज केला तर मंजुरी येईपर्यंत सादरीकरणाची तारीख उलटून गेलेली असते.

आपले,
पुण्यातील काही ईईजी तंत्रज्ञ, न्यूरो शस्त्रक्रियागृहातील परिचारिका आणि वैद्यकीय उपकरण अभियंते